त्या पेट्या सिंथेसायझर नव्हेत

१/ १९६५ सालची एक कृष्णधवल चित्रफीत. कार्यक्रम बीबीसीचा, 'टुमॉरोज वर्ल्ड'. डीलिया डर्बीशर नावाच्या संगीतकार धातूच्या पेट्यांवरील बटणे फिरवतात आणि निरनिराळे स्वर उमटतात. पाहणारा सहज म्हणतो, "हा जुना सिंथेसायझर!" ही ओळख चुकीची आहे आणि तिच्यामुळे एका कलावतीचे निम्मे श्रम दृष्टिआड होतात.

२/ जुन्या चित्रणातील वाद्य ओळखताना प्रथम साल पाहावे. रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर अमेरिकेत १९६४ साली प्रथम लोकांपुढे मांडला. ब्रिटनमधील 'व्हीसीएस ३' आला १९६९ मध्ये. म्हणजे १९६५ साली लंडनमध्ये सिंथेसायझर दिसणे जवळजवळ अशक्यच.

३/ त्यानंतर खुणा पाहाव्यात. मूगच्या मोठ्या यंत्रावर विभाग जोडणाऱ्या तारांचे जाळे लोंबत असते. व्हीसीएस ३ मध्ये त्या तारांऐवजी चौकोनी फलकावर रोवलेल्या छोट्या पिना दिसतात. या चित्रफितीत दोन्ही खुणा नाहीत.

४/ त्या पेट्या आहेत ऑसिलेटर. ठरावीक कंपनसंख्येचा स्वर सोडून ध्वनियंत्रणा तपासण्यासाठी अभियंते त्या वापरत. संगीतासाठी त्या घडवल्याच नव्हत्या.

५/ मग संगीत कोठे घडत होते? टेपवर. याच चित्रफितीत पुढे डर्बीशर एकामागून एक टेप रेकॉर्डर तालावर सुरू करतात. खरे वाद्य तेच.

६/ १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बीबीसी रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये याच रीतीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे शीर्षकसंगीत तयार झाले. २३ नोव्हेंबर १९६३ रोजी ते प्रथम प्रसारित झाले. रचना रॉन ग्रेनर यांची. ती ध्वनीत उतरवली डर्बीशर यांनी, साहाय्यक डिक मिल्स. छेडलेल्या एका तारेचा आवाज ध्वनिमुद्रित करून, टेपचा वेग बदलून त्यांनी खर्जातील स्वर मिळवले. मग प्रत्येक स्वराचा तुकडा हव्या त्या लांबीचा कापून एकापुढे एक चिकटवला.

७/ ग्रेनर यांनी मानधनाचा निम्मा वाटा डर्बीशर यांना देऊ केला, पण बीबीसीच्या नियमांनी तो नाकारला. पडद्यावर नावे झळकली ती ग्रेनर आणि वर्कशॉप यांची. डर्बीशर २००१ मध्ये निवर्तल्या. त्यांचे नाव मालिकेच्या श्रेयनामावलीत आले ते २०१३ मध्ये, पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या विशेष भागात.

८/ "सिंथेसायझर" म्हटले की संगीत यंत्राने निर्माण केले, असे वाटू लागते. येथे यंत्राने केवळ सपाट स्वर दिला. कात्री, चिकटपट्टी आणि कान माणसाचे होते. म्हणून पुढच्या वेळी अशी चित्रफीत समोर आली, तर पेटीवरील नाव वाचून थांबू नका. ते हात काय करीत आहेत, तेही पाहा.