चिलीम

चिलीम : तंबाखू ओढण्याची भाजलेल्या मातीची सरळ, पोकळ नळी. वरचे तोंड रुंद, खालचे निमुळते. मराठीत दोन वस्तूंना हे नाव आहे : हातात धरून ओढायची लांबट नळी आणि हुक्क्याच्या किंवा गुडगुडीच्या माथ्यावर बसवायची पसरट वाटी. प्रस्तुत नोंद मुख्यतः पहिल्या प्रकाराविषयी, कोल्हापूर–निपाणी परिसर डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे.

रचना : हातचिलमीची लांबी साधारणपणे १० ते १५ सेंमी. असते. रुंद तोंडात तंबाखू भरतात व वर विस्तव ठेवतात. तंबाखूच्या खाली नळीत एक खडा टाकलेला असतो. तो तंबाखू अडवून धरतो आणि धुराला बाजूने वाट देतो. खालच्या तोंडाला ओल्या फडक्याची घडी गुंडाळतात, तिला छापी म्हणतात. चिलीम मुठीत धरून अंगठ्याजवळच्या फटीतून झुरका घेतात, त्यामुळे ओठ नळीला लागत नाहीत. छापीमुळे मूठ आणि नळी यांच्यामधली फट बुजते, धूर थोडा निवतो व राखेचा कण तोंडात येत नाही. वापरलेली छापी पिवळट-तपकिरी होते व तिला उग्र दर्प येतो. ती पुनःपुन्हा पिळून भिजवावी लागते. खडा आणि छापी मिळून चिलमीची गाळणी होते.

खड्याची निवड हा ओढणाऱ्याच्या अनुभवाचा भाग. फार लहान खडा खाली उतरून निमुळते भोकच बुजवतो. फार मोठा वरच अडकतो आणि तंबाखूला जागा उरत नाही. अगदी वाटोळा, गुळगुळीत खडा बुचासारखा घट्ट बसतो व झुरका येत नाही. म्हणून खडा किंचित ओबडधोबड निवडतात किंवा त्याच्या अंगाला खाचा पाडतात. नळी निमुळती असल्यामुळे थोडा लहानमोठा खडाही कुठे तरी टेकतोच. हाती घडवलेल्या दोन चिलमी कधीच तंतोतंत सारख्या नसतात. त्यांतला फरक हा निमुळतेपणा सांभाळून घेतो.

घडण : चिलीम हे कुंभाराचे किरकोळ काम. नदीकाठची किंवा तळ्यातली गाळाची माती भिजवून, तुडवून, तिच्यातले खडे वेचून काढतात. माती तडकू नये म्हणून तिच्यात लीद व राख मिसळतात. चाकावर एकच मोठा गोळा ठेवून त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी ओढून काढतात व दोऱ्याने कापतात. आतले भोक बोटाने आणि ओल्या काडीने सरळ ठेवावे लागते. ते वाकडे गेले, तर भिंत एका बाजूला पातळ होऊन तिथेच तडकते. सुकताना आणि भाजताना माती आक्रसते, म्हणून ओल्या मातीतले भोक हवे त्याहून जरा मोठे ठेवतात. सावलीत सुकवलेला माल शेण्या आणि पालापाचोळा रचून आव्यात भाजतात. हवा खेळती राहिली, तर चिलीम तांबडी होते. आवा कोंडून धूर आत जिरवला, तर काळी. गिऱ्हाईक टिचकी मारून चिलीम पारखते : खणखणीत वाजली तर पक्की, बद्द आवाज आला तर तडकलेली.

इतिहास : कोल्हापुरात कुंभाराचे चाक तंबाखूच्या कितीतरी आधीचे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५–४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी केलेल्या उत्खननात सातवाहनकालीन वस्तीची खापरे मिळाली. तंबाखू मात्र पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून भारतात आली आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरच्या आदिलशाहीत ती रुळलेली होती. कोल्हापूरजवळचा पन्हाळा तेव्हा याच आदिलशाहीत होता. अकबराचा वकील असद बेग याने १६०४–०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित नळी मोगल दरबारात नेली. अकबराने हकिमाचा विरोध असतानाही एक-दोन झुरके घेतले, असे असद बेगने स्वतःच लिहून ठेवले आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, पण ती टिकली नाही.

दरबारात हुक्का शिरला, तर शेतकरी, धनगर, गाडीवान आणि राखणदार यांच्या हाती चिलीम आली. तंबाखू, चकमक, गारगोटी आणि कापूस जवळ बाळगला, की रानातही ती पेटवता येई. पाहुण्यापुढे चिलीम करणे हा आदरसत्काराचा भाग होता. एकच चिलीम बैठकीत फिरे. बैरागी व गोसावी तिच्यातून गांजाही ओढत. शिर्डीच्या साईबाबांची चिलीम प्रसिद्ध आहे. गो. र. दाभोलकर यांच्या श्रीसाईसच्चरितातील धूपखेड्याच्या चांद पाटलाच्या कथेत चिलमीसाठी विस्तव व छापी भिजवायला पाणी बाबा जमिनीतून काढतात, असा प्रसंग आहे.

कोल्हापूरपासून सुमारे ४० किमी. दक्षिणेस, आज कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात असलेले निपाणी हे मराठी भाषकांचे गाव तंबाखूची मोठी पेठ म्हणून वाढले. तिथल्या तंबाखूचा मोठा भाग विडीत जातो. विडीला विस्तव, खडा, छापी यांतले काहीच लागत नाही आणि ती खिशात मावते. विसाव्या शतकात तिने चिलमीची जागा घेतली. कोल्हापुरातील शाहूपुरी, गंगावेश, बापट कॅम्प येथील कुंभार आता प्रामुख्याने गणेशमूर्ती घडवतात.

गाळणीचे इतर प्रकार : हुक्क्यात धूर पाण्यातून ओढला जातो. नारळाच्या करवंटीची गुडगुडी हे त्याचे गरिबाघरचे रूप. गूळ घालून मळलेल्या तंबाखूला गुडाखू म्हणतात. ती मुख्यतः हुक्क्यासाठी वापरत. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ब्रायर या झुडपाच्या मुळाशी वाढणाऱ्या गाठीचे पाइप फ्रान्समधील सेंट-क्लॉद येथे बनू लागले. डब्लिनच्या पीटरसन कंपनीने १८९० मध्ये ओल साठवणाऱ्या पोकळीच्या पाइपचे पेटंट घेतले. पुढे जर्मनीत ९ मिमी. व्यासाची, आत सक्रिय कोळसा भरलेली कागदी नळी रूढ झाली, ६ मिमी.च्या नळ्या व बाल्सा लाकडाच्या कांड्याही मिळतात. अशी गाळणी बसवायची, तर हाताने पाइप घडवणाऱ्याला तिच्या मापाची पोकळी अचूक कोरावी लागते. पोकळी सैल झाली, तर धूर बाजूने निसटतो; घट्ट झाली, तर ओल धरून फुगलेली नळी निघत नाही. शिवाय पोकळीभोवती पुरेशी जाड भिंत उरली पाहिजे, म्हणून बारीक दांड्याच्या पाइपला ९ मिमी.ची गाळणी बसत नाही. गाळणी बाजारातून ठरीव मापाची येत असल्याने चिलमीच्या खड्याला मिळते ती सवलत इथे नाही.

आरोग्य व कायदा : खडा, छापी, पाणी किंवा कोळसा यांनी धूर निवतो, राख अडते आणि काही प्रमाणात डांबरही. कार्बन मोनॉक्साइड मात्र यांतल्या कशानेही अडत नाही. निवलेला धूर घशाला टोचत नाही, त्यामुळे तो अधिक खोल व अधिक वेळ ओढला जातो. एकच चिलीम अनेकांत फिरल्याने संसर्गाचीही भीती असते. तोंडाचा, घशाचा व फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार हे तंबाखूच्या धुराचे धोके गाळणीने टळत नाहीत. २००३ च्या सिगारेट व अन्य तंबाखू उत्पादने कायद्याखाली २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाची बंदी कडक करण्यात आली. महाराष्ट्राने २०१८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरांवर बंदी घातली. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे व ओढणे हा गुन्हा आहे.