परगावच्या माणसाचे पान

एखाद्या शहराचे मोठेपण मोजण्याची मापे पुष्कळ आहेत. कुणी लोकसंख्या पाहतो, कुणी गिरण्या आणि बँका मोजतो, कुणी तेथील विद्यापीठाकडे बोट दाखवितो. आम्हांस त्यांत आणखी एका साध्या मापाची भर घालावीशी वाटते. ज्याचे त्या शहरात कुणीही नाही, अशा माणसास भर दुपारी, शहराच्या मध्यभागी, नाव-गाव-जात न सांगता खुर्चीवर बसून चार घास खाता येतात की नाही? आज हा प्रश्न कुणास पोरकट वाटेल. खिशात पैसे असले की झाले, असे आपण म्हणू. परंतु 'पैसे असले की झाले' ही स्थिती आपल्याकडे फार अलीकडची आहे, आणि ती आपोआप आलेली नाही. ती कशी आली, याचा थोडा मागोवा घेण्याचा आमचा विचार आहे.

जुन्या काळचा प्रवासी शिदोरी बांधून निघे. वाटेत देवळाची ओवरी किंवा धर्मशाळा मिळे. तेथे सदावर्ताचा किंवा वाण्याकडून विकत घेतलेला शिधा घेऊन तो तीन दगडांची चूल मांडी. शिधा घेण्यात कमीपणा नव्हता, पण परक्या हाताने शिजवलेले अन्न विकत घेऊन खाणे हे मात्र कमीपणाचे आणि धोक्याचेही मानले जाई. धोका पोटास नव्हे, जातीस. तांदूळ कुणाकडूनही घ्यावे, भात मात्र घेऊ नये, असा तो दंडक होता. चुरमुरे, फुटाणे, पेढे हे वाटेवर सर्रास विकले जात आणि भात-आमटी विकली जात नसे, याचे एक मोठे कारण या दंडकात आहे. ज्याला आपण आज 'बाहेरचे खाणे' म्हणतो, त्याच्या आड भूक किंवा पैसा येत नव्हता. सोवळे येत होते.

या व्यवस्थेस पहिला धक्का आगगाडीने दिला. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग गेल्यावर पुणे-मुंबई हा प्रवास एका दिवसाच्या आटोक्यात आला. डब्यात शेजारी कोण बसले आहे हे विचारण्याची सोय उरली नाही. तथापि धक्का बसला म्हणून भिंत पडली, असे समजण्याचे कारण नाही. गाडीने माणसे एकत्र बसविली, पण फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुसलमान पाणी' ही वेगवेगळी राहिली. आणि ज्यांस या दोहोंपैकी एकही पाणी मिळत नव्हते, त्यांची गणती कुठल्याच पाटीवर नव्हती.

१९०१ साली साताऱ्याहून काही मुले वडिलांकडे जाण्यासाठी निघाली. मसूर स्टेशनावर उतरून त्यांना बैलगाडीने गोरेगावास जायचे होते. घ्यायला कुणी आले नव्हते. मुले महारांची आहेत हे कळताच गाडीवाला मिळेना. दुप्पट भाडे कबूल करून आणि मुलांनी स्वतः गाडी हाकून अखेर प्रवास सुरू झाला. बरोबर खाण्याचे डबे भरपूर होते, पण वाटेत पाणी मिळाले नाही. अन्न हाताशी असून मुले रात्रभर उपाशी राहिली. त्यांतला एक मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. हा प्रसंग त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेवला आहे. प्रवाशाच्या जेवणाचा इतिहास लिहायचा तर तो असा पाण्यापासून सुरू करावा लागतो.

वरच्या वर्गांची स्थिती या मानाने सुखाची होती, पण त्यांसही मोकळीक नव्हती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातील नामवंत मंडळी एका समारंभास जमली. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वृत्तपत्रात छापून आणली आणि पुण्यात मोठे ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. उपस्थितांत टिळक होते, रानडेही होते. आणि १८९२ साली न्यायमूर्ती रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले. वसंत व्याख्यानांची प्रथा १८७५ साली पुण्यात ज्यांनी घातली, तेच हे रानडे. विचार कुणाचाही ऐकावा, परंतु चहा कुणाचाही पिऊ नये, अशी त्या काळच्या समाजाची अट होती. पहिली गोष्ट खपत होती, दुसरी खपत नव्हती.

आता मुंबईकडे वळू. १८६० नंतरच्या दशकात सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत फोर्टाची तटबंदी पाडली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर विद्यापीठ, हायकोर्ट, टपाल-तार कचेऱ्या अशा इमारती उभ्या राहू लागल्या. याचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. शहराच्या मध्यभागी रोज हजारो असे लोक येऊ लागले, की ज्यांचे घर तेथे नव्हते. साताऱ्याचा पक्षकार अपिलासाठी येई, रत्नागिरीचा विद्यार्थी परीक्षेस येई, खानदेशचा व्यापारी कापसाच्या व्यवहारास येई. यांनी दुपारी खायचे काय आणि कोठे? श्रीमंत युरोपियनांसाठी वॉटसन्स हॉटेल होते; १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले. पण पक्षकाराच्या मुंडाशास तेथे थारा मिळणे कठीण होते. ज्याचे गिरगावात नातलग होते तो चालत गिरगाव गाठी. गोव्याच्या खलाशासाठी धोबीतलावाच्या बाजूस त्याच्या गावाची 'कूड' होती. गिरणगावातील कोकण्या-घाटी मजुरांसाठी खाणावळी होत्या, आणि त्या बहुतेक बायकाच चालवीत. म्हणजे ज्याला त्याला आपापल्या जातीचा, गावाचा किंवा भाषेचा घास मिळे. ज्याच्याजवळ यांतले काहीच नव्हते, त्याची सोय अखेर कुणी केली, तर ती एका परक्याने.

इराणातील यझ्द आणि केरमान या भागांतून गरीब झरथुष्ट्री कुटुंबे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी मुंबईस येत होती. त्यांच्यापाशी भांडवल थोडे, पण कष्टाची तयारी मोठी. चौकातली कोपऱ्याची जागा हिंदू व्यापाऱ्यास अशुभ वाटे, म्हणून ती इराण्यास स्वस्तात मिळाली, असे सर्वत्र सांगितले जाते. कारण काहीही असो, परिणाम मात्र मोठा झाला. कोपऱ्याच्या दुकानास दोन्ही रस्त्यांकडे दारे. वाटेल त्याने एका दाराने यावे, दुसऱ्याने जावे. आत संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीला आरसे, बरण्यांतून बिस्किटे. ब्रून-मस्का, खारी, मावा केक, खिमा-पाव आणि पानीकम चहा. धोबीतलावाचे कयानी १९०४ सालचे, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालचे, पुण्यात डेक्कनवरील गुडलक १९३५ सालचे.

यातील टेबल हीच खरी क्रांतिकारक वस्तू होती, असे आमचे मत आहे. पंगतीत कुणी कोठे बसायचे हे आधीच ठरलेले असते. पंगत ही समाजाची उतरंड जमिनीवर मांडून दाखविते. इराण्याच्या टेबलास चार खुर्च्या असत आणि गर्दीच्या वेळी चार खुर्च्यांवर चार अनोळखी माणसे बसत. कारकून, हमाल, वकील आणि घोड्यांच्या शर्यतीत हरलेला एखादा जुगारी एकाच संगमरवरावर चहाचे वर्तुळ उमटवून उठे. धुतलेला कप पुढच्यास मिळे. तो आधी कुणाच्या ओठाला लागला होता, हे विचारणे शक्यही नव्हते आणि मालकाला परवडणारेही नव्हते. ज्या गोष्टीसाठी रानड्यांसारख्या माणसास प्रायश्चित्त घ्यावे लागले, ती गोष्ट पुढच्या पिढीत कारकून रोज दोनदा, काही पैशांत करू लागला; आणि शंकराचार्यांकडे कुणी फिर्याद नेली नाही.

येथे कुणी म्हणेल, की मग व्यापारानेच जात मोडली. हा निष्कर्ष आकर्षक आहे. पण तो पुरा खरा नाही. १९१७ साली आंबेडकर कोलंबिया येथील शिक्षण आटोपून आणि लंडन येथील शिक्षण अर्धवट सोडून नोकरीसाठी बडोद्यास गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे ते जाणून होते. म्हणून एका पारशी सरायीत पारशी नाव नोंदवून ते राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांनी फर्मावले. हिंदू आणि ख्रिस्ती ओळखीच्यांनीही आसरा दिला नाही. परदेशी विद्यापीठांत शिकून आलेला हा विद्वान सार्वजनिक बागेत बसून रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत राहिला. इराणी आणि पारशी धर्माने एकच. म्हणजे मुंबईच्या टेबलावर जे घडले ते धर्माच्या उदारपणामुळे घडले नाही, आणि नुसत्या विक्रीच्या गरजेमुळेही नाही. सरायीलाही गिऱ्हाईक हवेच होते. मुंबईच्या चौकात तुमचे नाव कुणी विचारीत नव्हते. बडोद्याच्या सरायीत नोंदवही होती. अनोळखीपणा हेच तेथे संरक्षण होते, आणि ओळख पटताच ते संपत होते.

अनोळखीपणावर उभे असलेले स्वातंत्र्य हे उसने स्वातंत्र्य असते. त्याच काळात शहरोशहरी 'ब्राह्मणांची खाणावळ' अशा पाट्या उघड झळकत होत्या. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. म्हणून जे टेबल कोपऱ्यावरच्या इराण्याने न बोलता दिले, ते अखेर कायद्याने बोलून द्यावे लागले. २६ जानेवारी १९५० रोजी अंमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या कलमात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून कुणासही मज्जाव करता येणार नाही, असे लिहिले गेले. त्यातच विहिरी आणि तळीही आहेत. ज्यांच्या अध्यक्षतेखाली हा मसुदा झाला, त्यांनी मसूरची रात्र आणि बडोद्याची संध्याकाळ पाहिली होती, हे लक्षात घेऊन ते कलम वाचावे. राज्यघटनेसारख्या ग्रंथात उपाहारगृहाचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न मग पडत नाही. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा स्वतंत्र कायदाही झाला. तरी मद्रासेत एका हॉटेलच्या पाटीवरील 'ब्राह्मण' हा शब्द काढण्यासाठी १९५७ साली पेरियारांना आंदोलन करावे लागलेच.

खाण्याबरोबर पिण्याचाही विचार केला पाहिजे. कारण शहरात आलेला पाहुणा नेहमीच चहावर भागवितो असे नाही. मुंबई सरकारने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. त्यामागील हेतू गरिबाचा संसार वाचविण्याचा होता आणि त्याची थट्टा करणे आम्हांस योग्य वाटत नाही. पण त्याचे फळ विचित्र निघाले. प्रकृतीच्या कारणाने परवाना मिळविणाऱ्यासाठी 'परमिट रूम' आली, आणि ज्याला परवाना परवडत नव्हता तो गल्लीतील 'आंटी'च्या खोलीत गेला. इराण्याचे दुकान दोन रस्त्यांकडे उघडे. परमिट रूम पडद्याआड, अंधारी. पुढे बंधने सैल झाली, तरी पाट्यांवर 'परमिट रूम' हे नाव टिकले आणि अंधारही पुष्कळ ठिकाणी टिकला. कुलाब्याच्या रस्त्यावरील १८७१ पासूनचे लिओपोल्ड आणि १९३२ सालचे मोंडेगार ही रस्त्याकडे तोंड करून बसलेली ठिकाणे त्या मानाने अपवादच. २६ नोव्हेंबर २००८ रोजी लिओपोल्डवर गोळीबार झाला, तो काही अंशी या उघडेपणामुळेच शक्य झाला; आणि थोड्याच दिवसांत ते पुन्हा उघडले, भिंतीवरील गोळ्यांच्या खुणांसह. उघड्या दाराची किंमत असते, हे त्या भिंतीवर पाहावयास मिळते.

या सर्व कथेत एक पाहुणा फार उशिरा आला. तो म्हणजे एकटी स्त्री. इराण्याकडे 'फॅमिली रूम' असे. पडद्याची ती कोठडी बाईची सोय करी आणि त्याचबरोबर सांगे, की मोकळ्या टेबलावर तिची जागा नाही. गंमत अशी, की शहराला जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायाच होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना संघटित केले, तेव्हा कुठे त्यांच्या कष्टांस नाव मिळाले. वाढणारीला बसून खाण्याचा हक्क मिळण्यास सर्वांत जास्त काळ लागला.

आज इराण्यांची दुकाने भराभर मिटत आहेत. खोताच्या वाडीतील अनंताश्रमासारखी खाणावळही उरली नाही. त्यांची जागा घेणारी ठिकाणे अधिक स्वच्छ, अधिक थंड आणि अधिक महाग आहेत. जुन्याबद्दल हळहळणे हा आमचा हेतू नाही. पण नवीन ठिकाणी जाताना एवढे पाहावे, की दारावरचा माणूस आत येणाऱ्याच्या चपलांकडे पाहतो काय? पाटीवर जात नाही, हे खरे; पण किमतीच्या पत्रकावरही पाटी लावता येते. कोपऱ्यावरच्या त्या दुकानात कमीत कमी पैशांत जास्तीत जास्त वेळ बसता येत होते, आणि परगावच्या माणसाचे शहर तेथेच सुरू होत होते. भिंतीवर कितीही चांगली चित्रे लावली, तरी ज्या टेबलावर एका चहावर बसता येत नाही, तेथे पाहुणा येत नाही. केवळ गिऱ्हाईक येते. हा फरक ज्या नगराने सांभाळला, त्याला आम्ही मोठे नगर म्हणू.