'तुंबाड'चं पार्श्वसंगीत देणारा माणूस: ज्याच्या गेम्सवर सिनेमे निघाले, पण संगीत दुसऱ्यांनीच दिलं

१२ ऑक्टोबर २०१८ ला 'तुंबाड' आला तेव्हा चर्चा झाली ती हस्तरची, न थांबणाऱ्या पावसाची, सासवडच्या वाड्याची आणि पिठाच्या बाहुल्यांची. १३ सप्टेंबर २०२४ ला तोच सिनेमा पुन्हा थिएटरात लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. रील्स झाल्या, मीम्स झाले, शेवटाचा अर्थ सांगणारे व्हिडिओ झाले. पण श्रेयनामावलीतलं एक नाव बहुतेकांच्या नजरेतून सुटलं. पार्श्वसंगीत : जेस्पर किड.

हा माणूस डेन्मार्कचा. कोकणाशी त्याचं नातं नाही, मराठीशी नाही. तरी २००३ नंतरच्या काळात मीरा रोड, भाईंदर, नालासोपारा नाहीतर डोंबिवलीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून ज्यांनी 'फ्रीडम फायटर्स' खेळला, त्यांच्या कानात त्याचं संगीत केव्हाच जाऊन बसलंय. न्यूयॉर्कवर सोव्हिएत फौजा चाल करून येतात आणि ख्रिस स्टोन नावाचा एक प्लंबर बंडखोरांचा म्होरक्या होतो, तो हा गेम. त्यात मागे घुमणारं ते भारदस्त समूहगान होतं हंगेरियन रेडिओच्या गायकवृंदाचं, आणि ते रचलं होतं जेस्पर किडनं.

कोण आहे हा जेस्पर किड?

जन्म १९७२ चा. शाळकरी वयात त्याच्या हाती कमोडोर ६४ हा घरगुती कॉम्प्युटर आला. या कॉम्प्युटरच्या साउंड चिपमधून एका वेळी फक्त तीन आवाज निघायचे. पुढे आलेल्या अमिगा कॉम्प्युटरवर चार. ताल, खालचा सूर आणि मुख्य धून या तीन-चार आवाजांतच बसवायची. युरोपातली पोरं त्या काळी अशा मशीनवर चित्र आणि संगीताचे छोटे प्रोग्रॅम बनवून एकमेकांशी स्पर्धा करायची. याला 'डेमोसीन' म्हणतात. किड तिथेच घडला.

पुढे त्याने मित्रांसोबत गेम बनवायला घेतले. १९९५ चा सेगाच्या मशीनवरचा 'द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅटमॅन अँड रॉबिन' त्याच्याच संगीताचा. २००० मध्ये 'हिटमॅन' मालिका सुरू झाली. तिच्या २००२ च्या दुसऱ्या भागासाठी त्याने बुडापेस्टचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा वापरला, आणि 'हिटमॅन : कॉन्ट्रॅक्ट्स'च्या संगीतासाठी २००५ मध्ये त्याला बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यानंतर २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' आला, २००९ मध्ये त्याचा दुसरा भाग आणि त्याच वर्षी 'बॉर्डरलँड्स', ज्याच्या संगीतकारांपैकी तो एक.

गेमचं संगीत सिनेमापेक्षा वेगळं कसं?

सिनेमातला प्रसंग ठरलेला असतो. नायक दार उघडायला बारा सेकंद घेतो, तर दर वेळी बाराच सेकंद घेणार. संगीतकार ते दृश्य समोर लावून मोजून वाजवतो.

गेममध्ये दार कधी उघडायचं हे खेळणारा ठरवतो. एखादा चार सेकंदांत उघडेल, तर दुसरा दारासमोर गेम चालू ठेवून जेवायला जाईल. संगीताला दोघांनाही सांभाळून घ्यायचं असतं.

दशावतार पाहिला असेल तर हे लगेच कळेल. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. नट ऐनवेळी बोलतो, प्रसंग लांबवतो, मध्येच थांबतो, आणि पेटी, पखवाज, झांजवाले त्याच्याकडे डोळे लावून त्याच्या मागे जातात. गेममध्ये हेच काम प्रोग्रॅम करतो. फक्त त्याला लागणारे तुकडे संगीतकाराने आधीच तयार करून ठेवलेले असतात.

याची सुरुवात फार जुनी आहे. १९७८ च्या 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये चारच सूर पुन्हा पुन्हा वाजायचे आणि शत्रू जसा जवळ येईल तशी त्यांची लय वाढायची. १९८५ च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये घड्याळात १०० उरले की कोजी कोंडोची ती प्रसिद्ध धून अचानक पळायला लागते. नव्वदच्या दशकात टीव्हीला गेम जोडून खेळलेल्या कुणालाही ती घाई अजून आठवत असेल. १९९१ मध्ये लुकासआर्ट्स कंपनीने 'मंकी आयलंड २'मध्ये आयम्यूज नावाची पद्धत आणली. पात्र एका जागेतून दुसऱ्या जागेत गेलं की संगीत न तुटता तिथल्या संगीतात मिसळून जायचं.

आज साधारण दोन पद्धती चालतात. एकीत संगीत थरांनी बनतं. शांत असताना फक्त तंतुवाद्यं, शत्रूला संशय आला की त्यावर ढोल, पकडले गेलात की गायकवृंद. दुसरीत छोटे तुकडे असतात आणि खेळणाऱ्याच्या चालीप्रमाणे त्यांचा क्रम बदलतो.

म्हणजे गेमच्या संगीताला दोन गोष्टी यायलाच हव्यात. एक, शंभर वेळा ऐकूनही ते कंटाळवाणं होता कामा नये. दोन, त्याला वाट पाहता आली पाहिजे.

एका धूनेवर लोक इतके जीव का टाकतात?

'असॅसिन्स क्रीड २' मधली 'एझिओज फॅमिली' ही किडची सर्वात गाजलेली रचना. फ्लॉरेन्सचा एझिओ नावाचा तरुण रात्री भावासोबत उंच बुरुजावर चढतो. खाली शहर पसरलेलं, दोघं निवांत. तिथे ही धून पहिल्यांदा नीट ऐकू येते. पुढे एझिओचे वडील आणि दोन्ही भाऊ फासावर जातात. त्यानंतर तीच धून ऐकताना मनात जे होतं, ते खेळणाऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. तो त्या बुरुजावर स्वतः चढलेला असतो.

सिनेमाचं गाणं आपण ऐकतो, गेमची धून आपण जगत असताना वाजत असते. तीस-चाळीस तास एका जगात घालवले की तिथलं संगीत शाळेच्या घंटेसारखं कायमचं ओळखीचं होतं. म्हणूनच लोक ती पियानोवर, बासरीवर, गिटारवर वाजवून अपलोड करतात. या मालिकेच्या पुढच्या भागांतही हीच धून नव्या वाद्यांवर परत परत आली.

गेमचा सिनेमा झाला, मग संगीतकाराचं काय?

इथे गंमत सुरू होते. किडने संगीत दिलेल्या गेम्सवर आजवर चार मोठे सिनेमे निघाले.

'हिटमॅन', २००७. संगीत जेफ झानेली.
'हिटमॅन : एजंट ४७', २०१५. संगीत मार्को बेल्ट्रामी.
'असॅसिन्स क्रीड', २०१६. संगीत जेड कर्झेल.
'बॉर्डरलँड्स', २०२४. संगीत स्टीव्ह जॅब्लोन्स्की.

चारही संगीतकार नावाजलेले. पण चारांपैकी एकाही सिनेमाची धुरा जेस्पर किडकडे आली नाही.

यात कुणाचं कारस्थान नाही, कामाची रीतच तशी आहे. मोठ्या गेम कंपन्यांच्या करारात संगीताची मालकी सहसा कंपनीकडे जाते. सिनेमा करायचा हक्क विकला जातो तेव्हा कथा, पात्रं, नाव जातं. जुनी धून वापरायची की नाही, हे निर्माते आणि दिग्दर्शक ठरवतात. दिग्दर्शक आपला नेहमीचा संगीतकार घेऊन येतो. 'असॅसिन्स क्रीड'चा दिग्दर्शक जस्टिन कर्झेल, आणि जेड हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांनी आधीही एकत्र काम केलेलं. त्यामुळे चाहत्यांच्या ओळखीच्या सुरांऐवजी सिनेमाला वेगळंच संगीत मिळालं.

त्यात निर्मात्यांना गेम न खेळलेला प्रेक्षकही हवा असतो. त्याला जुनी धून माहीत नसते, म्हणून ती नसली तरी चालेल असा हिशेब होतो. पण ज्याच्या जिवावर पहिल्या दिवशी तिकिटं खपतात, तो चाहता नेमका त्या धूनेची वाट पाहत बसलेला असतो.

ज्यांनी जुनं संगीत सोबत घेतलं

२००६ च्या 'सायलेंट हिल' सिनेमात दिग्दर्शक क्रिस्टोफ गान्सने गेमचा मूळ संगीतकार अकिरा यामाओका याच्याच रचना मोठ्या प्रमाणात वापरल्या. 'द लास्ट ऑफ अस' या २०१३ च्या गेमला गुस्तावो सांताओलालाने संगीत दिलं होतं. २०२३ मध्ये त्याची मालिका आली तेव्हाही तोच होता. त्याच वर्षीच्या 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही'मध्ये संगीतकार ब्रायन टायलर होता, पण त्याने कोजी कोंडोच्या धून जागोजागी गुंफल्या. जगभरात १०० कोटी डॉलरच्या वर कमाई करणारा हा सिनेमा पाहताना आई-वडील आणि मुलं एकाच धूनेवर खूश झाली.

२०२३ हे वर्ष आणखी दोन कारणांनी महत्त्वाचं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करण्याजोग्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत मारिओची धून घेतली. या यादीत आलेलं हे पहिलं गेम संगीत. आणि ग्रॅमीमध्ये गेम संगीताला पहिल्यांदा स्वतंत्र पुरस्कार मिळाला. तो मिळवला स्टेफनी इकॉनमू हिने, 'असॅसिन्स क्रीड वल्हाला'च्या एका जोडभागासाठी. ज्या मालिकेचा सूर किडने लावला होता, तिलाच हा मान गेला.

मग 'तुंबाड'मध्ये काय झालं?

'तुंबाड'ची मुळं पक्की मराठी आहेत. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे लेखक-नाटककार अनिल बर्वे यांचे चिरंजीव. कथेचं बीज नारायण धारपांच्या एका गोष्टीतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून सुचलेलं. पावसाच्या दृश्यांसाठी एकामागून एक पावसाळे थांबून, वर्षानुवर्षं हा सिनेमा बनत राहिला. गाणं अजय-अतुल यांचं, आणि पार्श्वसंगीत जेस्पर किडचं.

ही निवड का जमली, हे सिनेमाची रचना पाहिली की कळतं. विनायकराव दोरीने खाली देवीच्या गर्भात उतरतो. पिठाचं रिंगण आखतो. बाहुली ठेवतो. हस्तर पिठाच्या हव्यासाने येतो, आणि तो खाण्यात गुंतला की त्याच्या लंगोटातल्या मोहरा ओढून वर पळायचं. जागा तीच, नियम तेच, आणि दर वेळी हाव थोडी जास्त. एखाद्या गेमची लेव्हलच म्हणा ना. एकच जागा पुन्हा पुन्हा दाखवायची आणि तरी प्रत्येक वेळी छातीत धडकी भरवायची, हे गेमच्या संगीतकाराचं रोजचं काम.

दुसरं म्हणजे, गेमचा संगीतकार प्रसंगाआधी जागेसाठी लिहायला शिकलेला असतो. फ्लॉरेन्सच्या गल्ल्या, व्हेनिसचे कालवे यांना प्रत्येकाला स्वतःचा सूर द्यावा लागतो. 'तुंबाड'मध्ये तर वाडा आणि पाऊस हीच मोठी पात्रं. लांबलचक शांत दृश्यांत संगीत तिथे दबा धरून बसतं. वाट पाहणं त्याला येतं.

म्हणजे ज्या माणसाच्या गेम्सवर हॉलिवूडने चार सिनेमे काढले आणि चारही वेळा संगीत दुसऱ्याकडे सोपवलं, त्याला एका कोकणातल्या गोष्टीने बोलावून घेतलं.

आपल्याकडे पुढे काय?

ही देवाणघेवाण उलट्या दिशेनेही चालू आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक' हा भारतीय पुराणकथांवरचा गेम काढला. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकन मिळालं. त्याचं संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं.

आता हे काम शिकायला तीन आवाजांच्या चिपशी झुंजावं लागत नाही. मीरा रोडच्या वन बीएचकेमध्ये एक लॅपटॉप, हेडफोन आणि फुकट मिळणारं संगीताचं सॉफ्टवेअर पुरतं. संगीताचे तुकडे गेमला जोडणारी एफमॉड आणि वाइज ही सॉफ्टवेअर्स जगभरातले स्टुडिओ वापरतात आणि छोट्या प्रकल्पांसाठी तीही मोफत मिळतात. पेटी, पखवाज, झांज घेऊन नटाच्या मागे जाणारी परंपरा ज्या मातीत आहे, तिथल्या पोरांना हे गणित परकं वाटायचं कारण नाही.

ऐकायला सुरुवात करायची असेल तर क्रम सोपा आहे. आधी 'फ्रीडम फायटर्स', मग 'एझिओज फॅमिली', मग दिवे घालवून 'तुंबाड'चं पार्श्वसंगीत. तिन्ही एकाच माणसाची आहेत हे माहीत असलं, की त्यांच्यातला धागा आपोआप ऐकू यायला लागतो.