पालेर्मोला जावे ते कशासाठी?

आम्हा उर्दू शाळांतल्या शिक्षकांना सिसिली प्रथम भेटते ती नकाशात नव्हे, इक्बालांच्या कवितेत. १९०८ साली विलायतेहून परतताना इक्बालांनी जहाजावरून हे बेट पाहिले आणि त्यावर शोकगीत लिहिले. 'बांगे दरा' या संग्रहात ते आहे. कविता थोर आहे यात वाद नाही. पण सिसिली म्हटले की आमच्या लोकांना फक्त उसासा टाकता येतो, हीही तिचीच करामत. कुर्तुबा, ग्रनाडा, सिसिली अशी गमावलेल्या मुलखांची माळ ओढायची आणि पुढे जायचे. तिथे माणसे राहत कशी होती, कोणत्या भाषेत भांडत होती, पाणी कुठून आणत होती, हे विचारायचे राहूनच जाते.

म्हणून आमचे म्हणणे असे, की ज्यांना शक्य आहे त्यांनी हे बेट जहाजावरून न पाहता पालेर्मोच्या बंदरात उतरून पाहावे. शिक्षकाच्या पगारात इटलीची वारी बसत नाही, हे खरे. परंतु कोकणातल्या कितीतरी घरांतली मुले आज आखातात आणि इंग्लंडात नोकरीला आहेत. सुट्टी मिळाली की ती इस्तंबूलला जातात. दुबईचे मॉल तर त्यांना तोंडपाठ. त्यांनी एक सुट्टी पालेर्मोसाठी राखावी. समुद्र आहे, मोंदेल्लोची वाळू आहे, मागे पेल्लेग्रिनोचा डोंगर आहे. एप्रिल-मे महिन्यांत हवा सुखाची असते. जुलै-ऑगस्टचे ऊन टाळलेले बरे. पण समुद्र आणि वाळू दुसरीकडेही मिळेल. पालेर्मोत जे आहे ते ओळखायला मराठी मुसलमानाचे डोळे फार उपयोगी पडतील असे आम्हांला वाटते.

लढायांचा हिशेब थोडक्यात उरकतो. ८२७ मध्ये ट्युनिसियाच्या अघलबी राजवटीचे सैन्य सिसिलीत उतरले. सेनापती असद इब्न अल-फुरात हे पेशाने काझी होते. ८३१ मध्ये पालेर्मो हाती आले. १०७२ मध्ये उत्तर फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मनांनी ते जिंकून घेतले. म्हणजे या शहरावर मुसलमानांची हुकूमत २४१ वर्षे होती. मुसलमान मात्र त्यानंतरही दीडशे वर्षे तिथेच होते, आणि आमच्या कामाचा इतिहास तो आहे.

त्याआधी एका पाहुण्याला भेटू. इब्न हौकल हा व्यापारी आणि भूगोलकार ९७३ मध्ये पालेर्मोला आला. शहरात तीनशेहून अधिक मशिदी पाहून तो चकित झाला. एका गल्लीत तर बाणाच्या टप्प्यात दहा! कारण विचारले तेव्हा कळले, की प्रत्येकाला स्वतःची मशीद हवी. बाप एकीत नमाज पढतो, मुलगा दुसरीत. लोक कच्चा कांदा फार खातात, त्याने त्यांची अक्कल गेली आहे, असा शेरा त्याने मारला. आणि शिक्षक! मुलांना शिकवणारे तीनशे शिक्षक या शहरात आहेत. जिहादच्या मोहिमेतून सूट मिळते म्हणून हे सारे शिक्षक झाले, आणि शिक्षकाची जात मुळात मंदबुद्धीच, असे तो लिहितो. बी.एड.ची पदवी नव्हती त्या काळीही समाजाचे आमच्याविषयी हेच मत होते, एवढा दिलासा आम्ही त्यातून घेतला.

याच इब्न हौकलच्या ग्रंथात आपले चौलही आहे, सैमूर या नावाने. त्या मुलखाचा राजा बल्हरा, म्हणजे राष्ट्रकूट. त्याच्या शहरांत मुसलमान राहतात, जामा मशिदी आहेत, आणि मुसलमानांवर राजाच्या वतीने मुसलमानच कारभार पाहतो, अशी नोंद त्यात आहे. एकाच माणसाच्या लेखणीखाली पालेर्मो आणि कोकण आले. चौलचे मुसलमान दुसऱ्याच्या राज्यात प्रजा म्हणून राहत होते. शंभर वर्षांनी पालेर्मोच्या मुसलमानांवरही तीच वेळ आली.

नॉर्मन राजांनी या प्रजेचे काय केले? हाकलले नाही. ते त्यांच्याकडून शिकले. राजा रॉजर दुसरा याने महालात प्रार्थनागृह बांधले, 'कापेल्ला पालातिना'. ११४० मध्ये त्याची स्थापना झाली. भिंतींवर ग्रीक कारागिरीचे सोनेरी मोझाइक आणि वर मुकर्नसचे लाकडी छत, त्यावर कूफी अक्षरे, वादक, उंटावरचे स्वार. चर्चच्या छताला मान वर करून अरबी वाचायची, ही गंमत दुसरीकडे कुठे मिळणार? पालेर्मोच्या मुख्य कॅथेड्रलच्या दारात एका खांबावर कुरआनची आयत कोरलेली आहे, सूरे अल-आराफमधली. चर्च होण्यापूर्वी त्या जागी जामा मशीद होती. खांब कोणी काढला नाही, आयत कोणी खरवडली नाही.

याच रॉजरने अल-इद्रीसीला दरबारी बोलावले. पंधरा वर्षे माहिती जमवून, खलाशांना आणि प्रवाशांना विचारून, इद्रीसीने जगाचा भूगोल लिहिला. तो ११५४ च्या जानेवारीत पुरा झाला आणि पुढच्याच महिन्यात राजा वारला. नकाशात दक्षिण वर आहे. वर्गात दाखवला तर मुले पुस्तक उलटे धरतील. या ग्रंथात ठाणे आहे. मोठ्या खाडीवरचे देखणे गाव, जिथून जहाजे निघतात आणि जवळच्या डोंगरांत बांबू आणि वंशलोचन मिळते, असे वर्णन आहे. लोकलने ठाण्याला उतरणाऱ्या वाचकाने हे ध्यानात ठेवावे.

पाण्याची गोष्ट तर आमच्या फारच जवळची. पालेर्मोच्या जमिनीखाली कनात आहेत: डोंगराकडे एक मूळ विहीर, तिथून अगदी हलक्या उताराने खोदलेला बोगदा, आणि माती काढायला व हवेला ठिकठिकाणी उभी भोके. पंप नाही, रहाट नाही, पाणी आपल्या वजनाने शहरात येते. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, मलिक अंबरची नहर ज्याने पाहिली आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. पालेर्मोतले काही कनात आज प्रवाशांना उतरून पाहता येतात. आपल्या नहरीचे आपण काय केले ते सांगायला नको.

शब्दही पाण्यासारखेच जमिनीखालून वाहतात. सिसिलीत फावारा नावाचे गाव आहे. तो आपला फवारा. काल्ताजिरोने, काल्तानिसेत्ता या गावांतला 'काल्ता' म्हणजे कलअत, आपला किल्ला. जकातीच्या कचेरीला इटालियनमध्ये 'दोगाना' म्हणतात. मूळ दीवान, ज्यावरून आपले दिवाण आणि दिवाणी कोर्ट आले. गरीब बिचाऱ्याला सिसिलियन माणूस 'मिस्किनु' म्हणतो. ट्यूना मासे पकडणाऱ्यांच्या म्होरक्याला 'राइस' म्हणत. कोकणात आपण तांडेल आणि नाखवा म्हणतो, तसा. मराठीत अरबी-फारसी शब्द आहेत म्हणून ज्यांना ती बाटल्यासारखी वाटते, त्यांनी इटलीत जाऊन जकात भरावी.

येथवर ऐकून कोणाला वाटेल, काय सोनेरी जमाना होता! तसे आम्हांला म्हणायचे नाही. ११६१ मध्ये राजा विल्यम पहिला याच्याविरुद्ध बंड झाले. राजा कैद होताच शहरात मुसलमानांची कत्तल झाली; दुकानांत बसलेले आणि दीवानात कर गोळा करणारेही मारले गेले. इब्न जुबैर हा अंदलूसचा हाजी परतीच्या वाटेवर ११८४ च्या डिसेंबरात मेसिनाजवळ जहाज फुटून सिसिलीत आला. विल्यम दुसरा गादीवर होता, त्याला अरबी लिहिता-वाचता येत होते, त्याच्या सहीची खूणही अल्लाहच्या स्तुतीची. पालेर्मोत अजान ऐकू येत होती, काझी होता, मशिदींत कुरआन शिकवणारे होते. ईदचा खुतबा होई, जुम्याच्या खुतब्याला मनाई होती. नाताळात ख्रिस्ती बायका रेशमी वस्त्रे, नकाब आणि मेंदी लावून मुसलमान बायकांसारख्या नटून निघाल्या, तेही त्याने लिहिले.

आणि त्याच पानांत दुसरे काही आहे. राजवाड्यातले मुसलमान सेवक नमाज लपून पढत. आईबाप मुलांना रागवायला भीत; रुसलेले पोर चर्चमध्ये गेले तर पुन्हा हाती येत नसे. त्रापानीत एका बापाने हाजींकडे निरोप धाडला, की माझ्या मुलीला कोणीतरी निकाह करून इथून घेऊन जा. इतिहासाच्या पुस्तकात मोझाइकवर दहा पाने असतात आणि या बापावर एक ओळ. आमच्या मते ती ओळ आधी वाचावी. दरबारात कदर असणे आणि गल्लीत निर्धास्त असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली एका राजाच्या आवडीवर चालते, आणि राजे मरतात.

विल्यम ११८९ मध्ये मेला आणि पुन्हा हल्ले सुरू झाले. मुसलमान पश्चिमेकडच्या डोंगरांत गेले, लढले. फ्रेडरिक दुसरा, पालेर्मोतच वाढलेला, अरबी विद्येचा शौकीन. त्यानेच १२२० च्या दशकापासून त्यांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा येथे नेऊन वसवले. तिथे ते त्याच्या सैन्यात कामी आले. १३०० मध्ये आंजूच्या चार्ल्स दुसऱ्याने लुचेरा मोडले, माणसे गुलाम म्हणून विकली, गावाला मरियमचे नाव दिले. सिसिलीच्या मुसलमानांचा इतिहास तिथे संपतो.

शहर मात्र संपलेले नाही. २०१५ मध्ये युनेस्कोने 'अरब-नॉर्मन पालेर्मो' जागतिक वारशात घेतले. जुन्या वस्तीत काही गल्ल्यांच्या पाट्या इटालियन, हिब्रू आणि अरबी अशा तीन लिप्यांत आहेत. बाल्लारोच्या बाजारात आज बांगलादेशी आणि आफ्रिकी दुकानदार भेटतात. हलालची चिंता करणाऱ्याने पानेल्ले खावेत: हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या चकत्या, पावात घालून देतात. वडापाववर वाढलेल्याला पटकन रुचतील.

मुले बरोबर असतील तर ११६५ मध्ये बांधायला घेतलेला झीसा महाल चुकवू नये. मूळ नाव अल-अझीझा. दिवाणखान्याच्या भिंतीतून पाणी उतरून फरशीतल्या पन्हळीने बाहेर जाई. तिथल्या संग्रहालयात एक कबरीचा दगड आहे. ग्रिसांदो नावाच्या ख्रिस्ती पाद्र्याने आपल्या आईसाठी, आन्नासाठी तो कोरवला. मजकूर चार प्रकारे लिहिला आहे: लॅटिन, ग्रीक, अरबी, आणि चौथ्यांदा अरबीच, पण हिब्रू लिपीत. प्रत्येक भाषेत साल त्या त्या लोकांचे: लॅटिनमध्ये ११४८, अरबीत हिजरी ५४३. एका बाईच्या मृत्यूची बातमी शहरातल्या प्रत्येकाला आपल्या अक्षरांत वाचता यावी, अशी सोय त्या मुलाने केली. उर्दू माध्यमाच्या मुलाला त्यातली अरबी अक्षरे जुळवून लावता येतील. त्याला घाई करू नये, दगडापुढे हवा तेवढा वेळ उभे राहू द्यावे.