भौगोलिक माहिती प्रणाली (जीआयएस)

भौगोलिक माहिती प्रणाली : पृथ्वीवरील ठिकाणाशी जोडलेली माहिती गोळा करणे, साठवणे, तपासणे, तिचे विश्लेषण करणे आणि ती नकाशारूपाने मांडणे यांसाठीची संगणकीय व्यवस्था. व्यवहारात ती ‘जीआयएस’ या नावाने ओळखली जाते. संगणक, सॉफ्टवेअर, माहिती, कामाच्या ठरीव पद्धती आणि जाणकार माणसे हे तिचे पाच घटक होत. कागदी नकाशात रेघ ही फक्त रेघ असते. जीआयएसमध्ये प्रत्येक आकृतीमागे तक्त्यातील एक नोंद उभी असते. शेताच्या आकृतीवर क्लिक केले की गट क्रमांक आणि क्षेत्र दिसते आणि तक्त्यात गट क्रमांक शोधला की शेत नकाशावर उजळते. जमिनीवरील वस्तुस्थिती संगणकाला कळेल अशा रूपात मांडण्याच्या रीतीला अवकाशीय माहितीचे प्रतिमान म्हणतात. कोणते प्रतिमान निवडले यावर पुढे माहितीला कोणते प्रश्न विचारता येतील हे ठरते. या नोंदीत प्रतिमानांची ओळख छत्रपती संभाजीनगर शहर आणि परिसरातील उदाहरणांवरून करून दिली आहे.

इतिहास : ठिकाण आणि घटना यांची सांगड घालून कारण शोधण्याची पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. लंडनमध्ये १८५४ साली पसरलेल्या पटकीच्या साथीत जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू झालेली घरे नकाशावर मांडली आणि ब्रॉड स्ट्रीटवरील पाण्याच्या पंपाकडे बोट दाखवले. संगणकीय प्रणाली १९६० च्या दशकात कॅनडात रॉजर टॉमलिन्सन यांच्या पुढाकाराने आकाराला आली. देशभरातील जमिनीच्या वापराची मोजदाद हा तिचा हेतू होता. भारतात नकाशांचा पाया त्याआधीच घातला गेला होता. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ साली स्थापन झाला आणि १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन यांनी त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. हे काम चालू असतानाच १८२३ मध्ये विदर्भात हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. १९८८ साली आयआरएस-१ए हा उपग्रह अवकाशात गेला आणि भारताला स्वतःच्या दूरसंवेदन उपग्रहाची चित्रे मिळू लागली. २००२ मध्ये सुरू झालेल्या क्यूजीआयएस या मोफत, मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमुळे महागडा परवाना न घेताही हे काम करता येऊ लागले.

स्थाननिर्देश : कोणत्याही प्रतिमानाआधी ठिकाण सांगण्याची पद्धत निश्चित करावी लागते. छत्रपती संभाजीनगर सुमारे १९°५३′ उत्तर अक्षांश आणि ७५°२०′ पूर्व रेखांशावर आहे. या ठिकाणी एक अंश अक्षांशाचे अंतर सुमारे १११ किमी, तर एक अंश रेखांशाचे सुमारे १०५ किमी भरते. अंशांवरून थेट अंतर किंवा क्षेत्रफळ काढले तर उत्तर चुकते, म्हणून गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणारे प्रक्षेपण वापरतात. हे शहर यूटीएम प्रक्षेपणाच्या ४३ व्या विभागात येते आणि या विभागाच्या ७५° या मध्यरेषेच्या पूर्वेस जेमतेम ३५ किमीवर आहे. त्यामुळे येथे मीटरमध्ये केलेली मोजणी पुरेशी विश्वासार्ह ठरते. जुन्या टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट गोलाभ या प्रतिकृतीवर आधारित आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ ही प्रतिकृती वापरते. रूपांतर न करता दोन्ही एकत्र आणले तर रस्ते आणि ओढे जागेवर बसत नाहीत.

व्हेक्टर प्रतिमान : यात वस्तू बिंदू, रेषा आणि बहुभुज या तीन आकृत्यांनी मांडतात. शहरातील नहर हे याचे उत्तम उदाहरण. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि शहराच्या उत्तरेकडील डोंगरातले पाणी भूमिगत नहरीतून गावात आणले. नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाणारी ही योजना पंपाविना, केवळ उतारावर चालत असे. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर त्यांपैकीच एक. जीआयएसमध्ये नहरीवरील मनुष्यविवरे, पाण्याचे बंब (मनोरे) आणि हौद बिंदू म्हणून येतात, भूमिगत मार्ग रेषा म्हणून येतो आणि पाणी जिथून झिरपते ते क्षेत्र बहुभुज म्हणून. प्रत्येक बिंदूला खोली, बांधकाम आणि सद्यःस्थिती अशी माहिती जोडता येते. मार्ग मात्र नुसत्या रेषांचे तुकडे म्हणून काढला तर तो डोळ्यांना सलग दिसतो, संगणकाला नाही. कोणता तुकडा कोणत्या बिंदूपाशी दुसऱ्याला मिळतो आणि पाणी कोणत्या दिशेने वाहते हे स्वतंत्रपणे नोंदवावे लागते. आकृत्यांमधील या नात्यांना टोपोलॉजी म्हणतात आणि तिच्यावर उभ्या राहणाऱ्या रचनेला जाळे-प्रतिमान. एका ठिकाणी नहर बुजली तर खालच्या बाजूला कोणते हौद कोरडे पडतील याचे उत्तर जाळेच देते. आजच्या नळयोजना, ड्रेनेज आणि बसमार्ग यांनाही हेच लागू पडते.

रास्टर प्रतिमान : यात जमीन समान चौकोनांत विभागतात आणि प्रत्येक चौकोनाला एक मूल्य देतात. उंची, तापमान, पाऊस, पिकांचा हिरवेपणा अशा सलग बदलणाऱ्या गोष्टींसाठी हे प्रतिमान सोयीचे असते. उपग्रहचित्रे मुळातच रास्टर असतात. चौकोनाचा आकार म्हणजे चित्राचे विभेदन. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या चित्रात तो १० मीटर असतो, म्हणजे एक चौकोन १०० चौरस मीटरचा. एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटरचा असल्याने या चित्रातला एक चौकोन जवळपास एका गुंठ्याएवढा होतो आणि एकराचे शेत सुमारे ४० चौकोनांत मावते. ३० मीटरच्या चित्रात तेच शेत चार-पाच चौकोनांत उरकते आणि त्यांतलेही बरेचसे शेजारच्या शेताला लागून असतात. तालुक्यातले कपाशीचे क्षेत्र अजमावायला असे चित्र चालते. बांधाचा वाद मिटवायला ते मुळीच उपयोगाचे नाही.

उंचीची प्रतिमाने : उंची रास्टरमध्ये मांडता येते, तशीच अनियमित त्रिकोणांच्या जाळ्यातही. या जाळ्यात सपाट भागात मोजके, तर कडे आणि घळी असलेल्या भागात दाट बिंदू घेतात. त्यामुळे देवगिरीचा तुटलेला कडा किंवा वेरूळचा डोंगर कमी माहितीतही नेमका उभा राहतो. जीआयएसमध्ये एका विषयाची माहिती एका थरात ठेवतात. उंचीच्या थरावरून शहराच्या पाण्याचे गणितही स्पष्ट होते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पूर्ण संचय पातळी १,५२२ फूट, म्हणजे सुमारे ४६४ मीटर आहे. शहर त्याहून साधारण १०० मीटर उंचावर वसले आहे. नहरीचे पाणी उत्तरेकडून आपल्या वजनाने उतरत असे. जायकवाडीचे पाणी दक्षिणेकडून विजेवर चढवावे लागते.

गुणविशेष आणि ओळख-संकेत : आकृतीला जोडलेल्या तक्त्यात प्रत्येक नोंदीला स्वतःचा संकेतांक असावा लागतो. केवळ नावावर तक्ते जोडले तर घोटाळा होतो. छत्रपती संभाजीनगरचे जुने नाव औरंगाबाद, आणि त्याच नावाचा एक जिल्हा बिहारातही आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रातील या शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले, तेव्हा नावावर जोडलेले जुने आणि नवे तक्ते एकमेकांशी जुळेनासे होणे स्वाभाविक होते. २०११ च्या जनगणनेतील ५१५ हा जिल्हा-संकेत वापरला तर त्या वर्षीची आकडेवारी नव्या नावाच्या नकाशावरही बिनचूक बसते.

विश्लेषण : वेगवेगळे थर एकमेकांवर ठेवून नवी माहिती काढणे ही जीआयएसची खरी ताकद. शहरातून वाहणाऱ्या खाम नदीच्या काठाचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रात सामान्यतः २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा निळी आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची रेषा लाल मानतात. उंचीचे रास्टर, नदीची रेषा आणि इमारतींचे बहुभुज एकत्र आणले की कोणती घरे कोणत्या पूररेषेत येतात याची यादी मिळते. मराठवाड्याच्या बेसॉल्ट खडकात भूजल सरसकट सापडत नाही. ते खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते. म्हणून पाझर तलावाची जागा ठरवताना उतार, माती, भेगांच्या रेषा आणि विहिरींची पातळी हे थर एकत्र तपासतात.

वापर आणि संस्था : नागपूर येथील महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र राज्य शासनाच्या विभागांसाठी या क्षेत्रात काम करते. इस्रोचे भुवन हे संकेतस्थळ २००९ पासून उपग्रहचित्रे आणि नकाशे पाहण्यासाठी खुले आहे. गावठाणांच्या ड्रोन-मोजणीची स्वामित्व योजना २०२० मध्ये आली. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः शेतातून पिकाचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह पाठवतो. छत्रपती संभाजीनगरातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ तसेच जल व भूमी व्यवस्थापन संस्था (वाल्मी) यांमुळे या विषयाच्या अभ्यासाला स्थानिक आधार मिळाला आहे. शेंद्रा-बिडकीन औद्योगिक नगरीसारख्या आखीव वसाहतीत भूखंड, रस्ते आणि भूमिगत वाहिन्यांचे व्यवस्थापन अशा थरांशिवाय अवघड आहे.

मर्यादा आणि दक्षता : संगणकावर नकाशा कितीही मोठा करून पाहता येतो, मूळ मोजणीची अचूकता मात्र त्यामुळे वाढत नाही. १:५०,००० प्रमाणाच्या टोपोशीटवरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर २५ मीटर रुंद असते. तिच्यावरून उतरवलेली नदी पडद्यावर बारीक आणि रेखीव दिसली, तरी तिच्या काठाबाबत तेवढी शंका कायम राहते. म्हणून प्रत्येक थरासोबत तो कोणी, केव्हा, कशावरून आणि किती अचूकतेने तयार केला याची नोंद असणे अत्यावश्यक आहे. ही नोंद नसलेला नकाशा जमीन, पाणी आणि घर यांविषयीच्या निर्णयांसाठी वापरणे धोक्याचे आहे, कारण त्याची किंमत नकाशा काढणाऱ्याला नव्हे, तर तिथे राहणाऱ्या माणसाला मोजावी लागते. चांगल्या थरांचा लाभही त्यालाच होतो. रस्ता खोदण्याआधी अभियंत्याने नहरीचा थर उघडून पाहिला तर चारशे वर्षांचे बांधकाम वाचते. घर बांधण्याआधी नागरिकाला पूररेषा पाहता आली तर त्याची आयुष्यभराची कमाई वाचते. यासाठी सार्वजनिक पैशातून तयार झालेले थर अद्ययावत, मराठी नावांसह आणि सर्वांना पाहता येतील असे ठेवणे हे या प्रणालीइतकेच महत्त्वाचे काम आहे.