घरातील बुजुर्गांचा वावर मोजायचा कसा?

अब्बा, दादी, नानी यांची शुगर आणि बीपी आपण नियमित तपासतो. पण त्यांचा वावर कुठपर्यंत उरला आहे, हे सहसा कुणी पाहत नाही. त्यासाठी 'लाइफ स्पेस असेसमेंट' ही प्रश्नावली आहे. अमेरिकेतील बर्मिंगहॅमच्या अलाबामा विद्यापीठातील संशोधकांनी ती तयार केली आणि २००३ मध्ये प्रसिद्ध केली.

काय विचारतात?
गेल्या चार आठवड्यांत माणूस कुठवर गेला, एवढेच. टप्पे पाच आहेत:
१. झोपायच्या खोलीबाहेर
२. ओटा, अंगण, बिल्डिंगचे आवार
३. मोहल्ला
४. मोहल्ल्याबाहेर, पण गावात
५. परगाव

गुण कसे द्यायचे?
टप्प्याचा आकडा × किती वेळा × मदत.
किती वेळा: आठवड्यातून एकदाही नाही पण अधूनमधून १, एक ते तीनदा २, चार ते सहादा ३, रोज ४.
मदत: माणसाचा आधार लागला तर १, फक्त काठी-वॉकर १.५, काहीच नको तर २.
गेलेच नाहीत, तर त्या टप्प्याला शून्य. पाचही टप्प्यांची बेरीज जास्तीत जास्त १२० होते. ६० पेक्षा कमी म्हणजे वावर आक्रसला, असे साधारण मानतात.

उदाहरणार्थ, दादा रोज मोहल्ल्यातल्या मशिदीत एकटे जातात: ३×४×२ = २४. काठी आली की १८. कुणाचा हात धरावा लागला की १२. मशीद तीच, पण गुण निम्मे झाले. दादी-नानींसाठी शेजारणीचे घर, बाजार, माहेर हे धरा.

भेटीगाठींचे काय?
त्यासाठी 'लुबेन' मापनाचे सहा प्रश्न आहेत, तीन नातेवाइकांबद्दल आणि तीन दोस्तांबद्दल. महिन्यातून एकदा तरी किती जणांशी भेट किंवा बोलणे होते? मनातले किती जणांना सांगता येते? मदतीला किती जणांना हाक मारता येते? एकूण गुण ३०. १२ पेक्षा कमी असतील तर एकटेपणाचा धोका.

मग करायचे काय?
हे आकडे म्हणजे पास-नापास नव्हे. दर काही महिन्यांनी पुन्हा मोजा. गुण घसरले तर गुडघे, नजर, कान की पडायची भीती, कारण शोधा आणि डॉक्टरांना सांगा. "तुम्ही बसा, आम्ही आणतो" असे आपण मोहब्बतीनेच म्हणतो. पण रोज तेच झाले तर त्यांचे बाहेर पडणे सुटते. आम्ही सुचवू, दूध आणायला त्यांनाच जाऊ द्या, हवे तर सोबत चला.