कापलेलं 'नाइट वॉच'

रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' मी २००९ साली ॲम्स्टरडॅमला पाहिलं. राइक्सम्युझियमची मुख्य इमारत तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होती (२००३ ला बंद झाली ती थेट २०१३ ला उघडली!) आणि निवडक चित्रं बाजूच्या फिलिप्स विंगमध्ये लावली होती. चित्र अवाढव्य आहे. साडेतीन मीटरहून जास्त उंच, सव्वाचार मीटरहून जास्त रुंद. माणसं जवळजवळ आपल्याएवढी.

इतकं मोठं चित्र डोक्यात पूर्ण मावत नाही. माझ्याकडे उरल्या दोन गोष्टी. एक म्हणजे गर्दीत मध्येच उजळलेली ती सोनेरी कपड्यातली मुलगी, कमरेला मेलेली कोंबडी लटकवलेली. (कोंबडीचे पंजे हे त्या बंदूकधारी पलटणीचं चिन्ह. पण हे नंतर वाचलेलं. समोर उभं असताना फक्त "ही इथे काय करतेय?" एवढंच.) दुसरी, कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉकच्या हाताची सावली. पुढे केलेला हात, आणि शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर त्याची पडलेली स्वच्छ सावली.

आता रात्रीच्या पहाऱ्यात अशी सावली कुठून येणार? तर हे चित्र रात्रीचं नाहीच. १६४२ चं हे शहररक्षकांचं गटचित्र. पुढे वार्निश काळवंडत गेलं आणि लोकांनी नाव पाडलं 'नाइट वॉच'. दुसऱ्या महायुद्धात चित्र गुंडाळून लपवलेलं होतं. शेवटी ते मास्ट्रिक्टजवळच्या भुयारात होतं. परत आल्यावर ते साफ केलं तेव्हा दिवस उजाडला. नाव मात्र तेच राहिलं.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे. १७१५ मध्ये हे चित्र ॲम्स्टरडॅमच्या टाउन हॉलमध्ये हलवलं. तिथली जागा होती दोन दारांच्या मधली, आणि चित्र त्यात बसेना. मग काय केलं? चित्र कापलं! चारही बाजूंनी. सगळ्यात जास्त डावीकडून, साधारण ६० सेंटीमीटर. त्यात दोन माणसं आणि एक लहान मूल गेलं. ते तुकडे आजतागायत सापडलेले नाहीत.

मग काय गेलं हे कळलं कसं? खेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने सतराव्या शतकातच याची एक छोटी नक्कल केली होती, मीटरभरही रुंद नसलेली. आमच्या भाषेत, बॅकअप. आणि तो कुणी मुद्दाम जपलेला नव्हे, नशिबाने उरलेला.

या नकलेत कॅप्टन मधोमध नाही! तो उजवीकडे सरकलेला आहे आणि डावीकडे, म्हणजे पलटण ज्या दिशेला निघाली आहे तिकडे, मोकळी जागा आहे. रेम्ब्रांटने निघालेली माणसं काढली होती. कापणाऱ्यांनी त्यांना फोटोला उभं केलं. माझ्या मते दोन माणसं गेल्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे.

२०२१ मध्ये म्युझियमने या नकलेवरून हरवलेले भाग पुन्हा तयार केले. न्यूरल नेटवर्कला लुंडेन्सची शैली रेम्ब्रांटच्या शैलीत बदलायला शिकवलं. लुंडेन्सने नक्कल एका कोपऱ्यातून बघून केलेली दिसते, त्यामुळे आलेला तिरकेपणाही सुधारला. मग ते भाग छापून, मूळ चित्राला न चिकटवता भोवती लावले, आणि काही महिन्यांनी काढले. काढले हे बरं केलं. अंदाज कितीही चांगला असला तरी तो मूळ डेटात मिसळायचा नसतो.

ते पूर्ण चित्र मी स्क्रीनवर कितीतरी वेळा पाहिलंय. तरी डोळे मिटले की माझा कॅप्टन मधोमधच उभा असतो. सावली पण जागेवर असते, आणि कोंबडीवाली मुलगीसुद्धा. डावीकडचे ते दोघे अजून आलेले नाहीत.